कुडपणहून आक्काला खाली आणताना

सन १९३४ साली, दिवाळी सरल्यावर, मी हा प्रवास केला. माझं वय तेव्हा एकाहत्तर. शिक्षण मराठी दुसरी. पुढची शाळा मी सोडली की मास्तरांनी सोडवली यावर आमचं दोघांचं एकमत कधी झालं नाही, आणि मास्तर आता हयात नाहीत. लोक काशी-रामेश्वर करून येतात आणि मग प्रवास लिहितात. मी दासगावहून कुडपणला गेलो आणि महाडात परत आलो. वाट सगळी आमच्याच मुलखातली. पण मोडक्या हाडाचं माणूस बरोबर घेऊन जो त्या वाटेनं उतरला नाही, त्यानं ती वाट पाहिली असं मी मानत नाही.

दासगाव

आम्ही कुळाचे शेतकरी. मी बापाशी भांडून मचव्यावर चढलो आणि तांडेल होऊनच उतरलो. सावित्रीच्या खाडीत कुठं गाळ आहे, कुठं खडक आहे, हे मला आजही डोळे मिटून सांगता येतं. माझी थोरली बहीण भागीरथी, तिला आम्ही आक्का म्हणतो. आई लवकर गेली, तेव्हा मला आक्कानंच कडेवर वाढवलं. पुढं ती कुडपणला दिली. खाडीवरची पोर डोंगराच्या टोकावर! तिचा नवरा वारला, मूलबाळ नाही, पण ती खाली यायला कधी कबूल झाली नाही. हट्ट आमच्या घराण्यात बायकांकडूनही चालतो.

महाडच्या बाजाराला मध विकायला आलेल्या कुडपणच्या माणसानं माझ्या मुलाला, पांडूला, गाठून सांगितलं, "तुजी आत्या गोठ्यात घसरली. मांडीचं हाड मोडलं. पडून हाय."

पांडू तडक डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाले, "आणा. उशीर करू नका. पण येताना हिसका बसू देऊ नका. मोडलेल्या हाडाची टोकं सुरीसारखी असतात. आतली मोठी शीर कापली गेली, तर तिला माझ्याकडे आणायची गरज उरणार नाही."

हे पांडूनं मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मी रात्रीचं जेवलो नाही.

पांडूनं बरीच वर्षं मुंबईत एका शेटची मोटार हाकली. मग महाबळेश्वरच्या कुणा बंगलेवाल्याची जुनी मोटार घेऊन तो गावी आला. कापडी टपाची, ऐसपैस; घरच्या सगळ्यांना पोटात घेणारी. सकाळी तिच्यात बसून आम्ही निघालो. मागच्या बाजूला पेंढा, त्यावर गोधड्या, आणि आक्कासाठी सुकटीचं गाठोडं. डोंगरात माणसाला सोनं नेऊ नये, सुकट न्यावी.

वेशीबाहेर पडलो नाही तोच पुढून आवाज सुरू झाला. खट्. थोडं पुढं, खट् खट्.

"हे काय वाजतं?"

"रस्ता वाजतो, बाबा."

"रस्ता उजवीकडं पण हाय. वाजतं ते डावीकडंच."

"मडगार्ड सैल असेल." पांडूनं उतरून मडगार्डला सुतळी आवळली. पुढच्या खड्ड्याला पुन्हा खट्.

मचव्यात आवाज आला तर तांडेल कानानं शोधत नाही. लाकडावर हात ठेवतो. आवाज सगळीकडं पळतो, हादरा मात्र जिथला तिथं असतो. म्हणून मी गाडी थांबवायला लावली आणि डाव्या मडगार्डवर चढून बसलो, एक हात दिव्याला, एक टाच खाली, चाकावरचं ओझं झेलणाऱ्या कमानीच्या पोलादी पाट्यांना टेकलेली. असे आम्ही महाडच्या बाजारपेठेतून गेलो. दुकानांच्या पायऱ्यांवरून लोक ओरडत होते, "तांडेल, वरात कुणाची? नवरी कुठं हाय?"

"नवरी आणायलाच चाललोय," मी म्हणालो. आणि माझ्या टाचेला बरोबर कळलं. कमानीचं पुढचं टोक शांत होतं. मागचं टोक ज्या कडीत लटकतं, तिथं ठोका बसत होता.

महाड

मोटारी दुरुस्त करणाऱ्या हसन मिस्त्रीनं माझं म्हणणं ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. हे मला आवडलं. मीही कुणावर ठेवत नाही. त्यानं चाक उचलून वरखाली हलवलं, आडवं हलवलं. चाक घट्ट. मग पांडूला पुढच्या बाजूवर उभं करून नाचायला लावलं आणि स्वतः खाली आडवा पडून कडीवर बोटं धरली.

"तांडेल, हाय बरोबर," तो खालून म्हणाला. "कमानीच्या टोकाच्या भोकात, कानात, पितळी बुश असतो, नळीसारखा. तो एका अंगानं झिजलाय. आतली पिन खुळखुळते. ओझं वर झालं की वर आपटते, खाली झालं की खाली."

"मग घाल दुसरा."

"ओतायला, कातायला लागेल. शुक्रवार जाऊ द्या."

"माझी बहीण शुक्रवारपर्यंत थांबायची नाय."

"मग तसेच जा. पण मोडक्या हाडाचं माणूस यातून आणू नका. घाटात एकेक ठोका तिच्या मांडीत जाईल."

मी ऐकून घेतलं आणि मला माझा उपाय सुचला. मचव्याच्या फळ्यांत फट पडली की आम्ही काय करतो? काथ्या माशाच्या तेलात भिजवून ठोकून बसवतो. पाणी आत येत नाही, लाकूड कुरकुरत नाही. बंदरावर माझी ओळख होतीच. काथ्या आणला, तेल आणलं, आणि त्या कडीत चारी अंगांनी काथ्या ठोकून ठोकून असा भरला की सुई जाणार नाही.

हसन मिस्त्री हात पुसत बघत होता. "तांडेल, ही मोटार हाय. होडी न्हवं."

"दोन्हीत माणसंच बसतात," मी म्हणालो.

गाडी निघाली. खड्डा आला, गेला. आवाज नाही. दुसरा आला, गेला. नाही. मी मागं वळून हसन मिस्त्रीकडं पाहिलं तेवढं लिहायला हरकत नाही.

पोलादपूर

पोलादपूरला चहासाठी थांबलो. आमच्याकडं चहा दिला की आधी माणसाची चौकशी करतात. इथं आधी विचारतात, वर चाललात की खाली? गाव तिठ्यावरचं, त्यामुळं माणसापेक्षा माणसाची दिशा महत्त्वाची. हॉटेलवाल्यानं नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी वाढली. पिठीत कोकम नव्हतं. मी बोललो तर म्हणाला, "कोकम खाडीकडं, हितं चिंच." चिंचही वाईट लागत नाही. पण तसं मी त्याला सांगितलं नाही.

बाहेर आलो तर गावची सगळी कुत्री डाव्या चाकाभोवती. माशाच्या तेलाचा वास! एक तर कमान चाटत होतं. पांडूनं हाकललं, ती पुन्हा आली. गाडी सुटल्यावर ती गावाबाहेरपर्यंत मागं धावली.

"सरकारी लवाजमा," पांडू म्हणाला.

आंबेनळी घाट

घाट लागायच्या आधी पांडूनं गाडी उभी केली. "बाबा, आत्या जिथं झोपणार तिथं तुम्ही आता आडवे पडा. बघा कसं लागतं."

पोरगं अधूनमधून शहाण्यासारखं बोलतं. मी पेंढ्यावर आडवा झालो, डावी मांडी खाली घेऊन. वर टपाच्या कडेतून कारवीचं रान दिसत होतं, पिवळं पडत आलेलं गवत, आणि वळणावर एकदम उघडी दरी. दरीत धुकं भरलं होतं, भरतीच्या खाडीसारखं. डोंगरांची टोकं त्यात बेटांसारखी. मला वाटलं, इथं एखादं शीड दिसलं तर नवल नको.

पण हे सगळं मी नीट पाहू शकलो नाही. आवाज नव्हता, हे खरं. पण प्रत्येक दगड माझ्या मांडीत घुसत होता. आधी गाडी ठोका द्यायची, पण झुलायची तरी. आता ती झुलतही नव्हती. लाकडाच्या ओंडक्यासारखी दगडावर चढायची आणि आदळायची. माझी हाडं धड होती, तरी मी दात आवळले. मग तिथं आक्काची मांडी ठेवून बघितली. मनातल्या मनात.

कुडपणची पायवाट जिथं फुटते तिथं रस्त्याच्या मुकादमाची चौकी होती. तिथं गाडी लावली. पांडूनं विचारलं, "कसं लागलं, बाबा?"

"आवाज आला काय?"

"नाय."

"मग?"

मी काठी घेतली आणि वाटेला लागलो. चढणीवर माणसाला न बोलायला कारण मिळतं.

कुडपण

कुडपणला पोचायचं म्हणजे डोंगर संपला असं वाटल्यावरही चढत राहायचं. मग एकदम सपाटी. घरं गवतानं शाकारलेली, खळ्यांवर नाचणीची कणसं, आणि वारा असा की बोललेलं शेजारच्या घरात ऐकू जावं. आमच्याकडं पाहुणा आला की पायांवर पाणी घालतात. इथं आधी ताक देतात, पाय नंतर. चढून आलेल्या माणसाला तेच बरं.

आक्का ओटीवर पडली होती. मांडीला बांबूच्या कामट्या बांधलेल्या. तोंड सुरकुतलेलं, डोळे मात्र तेच.

"आलास रे धाकल्या?"

एकाहत्तर वर्षांच्या माणसाला धाकल्या म्हणणारं आता जगात एकच माणूस उरलं आहे.

"आलो."

"येवडा उशीर?"

"गाडी नादुरुस्त होती."

"मंग आता दुरुस्त हाय?"

मी सुकटीचं गाठोडं पुढं केलं. "ही घे."

तिनं गाठोड्याचा वास घेतला, मग माझ्या हातांचा. "तुजे हात का रे गाठोड्याहून जास्त वास मारतात?" ती हसायला गेली आणि मध्येच तिनं डोळे मिटले. हसलं तरी हाड हलत होतं.

आक्काचा पुतण्या राघू, तो मला मामा म्हणतो. त्यानंच डोलीची तयारी केली होती. सकाळी दव सुकायच्या आत आम्ही निघालो. जाड बांबूचा दांडा, त्याला गोधडीची झोळी, चार गडी. मी मागं चालत होतो आणि पाहत होतो. मला वाटत होतं, एवढी उतरण, एवढे दगड, आक्का आता ओरडेल. पण ती राघूला शिव्या देत होती, घोंगडी नीट घातली नाही म्हणून. म्हणजे दुखत नव्हतं.

"तुमी लोक पाय जुळवून का चालत नाय?" मी विचारलं. चौघांची पावलं चार तऱ्हेची पडत होती.

"पाय जुळवले की डोली उसळते, मामा. पलटण न्हवं ही."

मग मी गाठ पाहिली. झोळी दांड्याला आवळलेली नव्हती. दोरीचा फासा होता, आणि दांडा आणि दोरी यांच्यामध्ये म्हशीच्या कातड्याची वादी गुंडाळलेली. फासा वादीवर पुढंमागं झुलत होता, पण आपटत नव्हता.

"ही कशाला?"

"आवळून बांधली तर दांड्याचा दणका सरळ मानसाला," राघू म्हणाला. "नुसती सोडली तर आपटती. वादी मऊ, पन सरकू देती. आज्यापासून असंच हाय."

उरलेली उतरण मी त्या वादीकडंच बघत उतरलो. कमानीचं टोक कडीत लटकतं ते झुलण्यासाठी. ओझं आलं की कमान लांब होते, तिला पुढंमागं सरकायला जागा लागते. मी ती जागाच काथ्यानं बुजवली होती. मचव्याच्या फळीला हलायचं नसतं. कमानीला हलायचंच असतं.

पुन्हा घाट

चौकीवर आलो. आक्काची डोली झाडाला टांगून ठेवली. मी पांडूला म्हणालो, "काथ्या काढ."

"काल तर जन्माचं काम झालं म्हणालात."

"काल मी चढत होतो. आज उतरतोय."

पांडूला हसू आलं, पण तो लगेच जॅक घेऊन खाली घुसला. मुकादमानं दगड आणून टेकू दिले. काथ्या उपसला, पिन ठोकून बाहेर काढली. बुश खरंच एका अंगानं खाल्लेला. राघूकडची जास्तीची वादी घेतली, कोयत्यानं पातळ तासली, आणि त्या खाल्लेल्या अंगाला बसवली. पहिल्यांदा जाड झाली, पिन शिरेना. पांडू म्हणाला, ठोकूया. मी म्हणालो, ठोकशील तर पुन्हा काथ्याच होईल. पुन्हा तासली. मग पिन अंगठ्यानं दाबून आत गेली, घट्ट, पण फिरेल अशी. वरून एरंडेल सोडलं. ते चौकीतल्या मुकादमाच्या बायकोनं दिलं, आणि माशाच्या तेलाचा डबा दरीत टाकायला लावला.

आक्का लांबून बघत होती. "धाकल्या, तुला मोटारीतलं काय कळतंय रे?"

"काल कळत नव्हतं."

चौघांनी तिला झोळीसकट उचलून पेंढ्यावर ठेवलं. राघू आणि गडी वर परत गेले. मी तिच्या उशाशी बसलो, एक हात तिच्या कामट्यांवर, एक बाजूच्या लाकडावर. "हळू," मी म्हणालो. पांडूनं गाडी सोडली.

आता कसं कळायचं, वादी काम करते की नाही? आवाजावर माझा भरवसा उरला नव्हता. आवाज गेला म्हणून दुखणं जात नाही, हे मी माझ्याच मांडीवर पाहिलं होतं. पण आक्का बोलत होती. ती कबरी नावाच्या म्हशीबद्दल बोलत होती. कबरी नुकती व्यालेली. कबरीची शिंगं. कबरीनं शेजारणीला लाथ कशी मारली. दूध देते तर फक्त आक्कालाच. मी ऐकत होतो आणि रस्ता मोजत होतो. हिसका बसला तर ती बोलताना तुटेल. वळण आलं, कबरी चालू. दगडांचा ढीग आला, चाक वर चढलं, कमान झुलली, उतरली. कबरी चालू. जन्मात मी एवढ्या आवडीनं म्हशीची गोष्ट ऐकली नव्हती.

पोलादपूर मागं गेलं. कुत्री जागची उठली नाहीत.

महाड जवळ आलं तेव्हा वादी दबत चालली असावी. एका खाचेत खट् झालं आणि आक्काचं वाक्य तुटलं. तिनं माझं मनगट धरलं. नखं रुतली.

"पांडू, थांब."

मी उतरलो. हसन मिस्त्रीला बोलवायला जायचं तर तो गावात पलीकडं. पुन्हा वादी घालायची तर आक्काला खाली काढावं लागणार, आणि ते डॉक्टरशिवाय मला नको होतं. उथळ पाण्यात मचवा न्यायचा तर एक माणूस नाळेवर, पुढच्या टोकाला, काठी घेऊन उभा राहतो आणि पाणी मापत पुढची वाट सांगतो. मी काठी घेतली आणि गाडीच्या पुढं चालायला लागलो. खाच दिसली की काठी त्या बाजूला धरायची. पांडू दुसऱ्या बाजूनं चाक घ्यायचा. दगड दिसला तर उचलून फेकायचा. गाडी माझ्या पावलानं येत होती. ऊन चढलं होतं. कंबर मोडत होती. आतून आक्काचा आवाज पुन्हा सुरू झाला, बारीक. आता ती गाडीशीच बोलत होती, बैलाशी बोलावं तसं: "हळू हो, हळू हो."

बाजारात पायऱ्यांवर तीच माणसं. "तांडेल, मोटार ओढताय काय?"

"बाजूला हो," मी म्हणालो. "माझी आक्का येतेय."

एकानं रस्त्यातली हातगाडी ओढून घेतली.

दवाखाना

डॉक्टरांनी कामट्या सोडल्या. पायाची बोटं दाबून पाहिली, नाडी पाहिली. मग म्हणाले, "पाय गरम आहे. शीर शाबूत आहे. कशातून आणली?"

"मोटारीतून," मी म्हणालो. आणखी सांगायचं होतं, पण तेवढ्यात त्यांनी पुढचं सांगितलं. पायाला वजन लावून पडून राहावं लागेल. शिमग्यापर्यंत. मग काठी घेऊन उभी राहील. हाडं म्हातारी आहेत, पण माणूस चिवट आहे.

"शिमग्यापर्यंत?" आक्का म्हणाली. "मला न्या वर."

पांडू म्हणाला, "आत्या, असं नको गो करू."

"कबरी उपाशी मरंल. दूध कोंडलं तर सड फुटतील. रेडकाला कोन पाजंल? राघूच्या बायकोला ती उभी करत नाय. मी पडले तशी राघू तिला माज्या उशाशी बांधून पिळतो; माज्या लुगड्याचा वास आला तरच ती पान्हा सोडते. तेबी न धुतलेल्या."

"मग राघूची बायको तुझं लुगडं नेसेल."

"तिनं नेसून बघितलं. कबरी फसत नाय. आमचं रगत लागतं तिला."

हे खरं की खोटं ते मला माहीत नाही. म्हशीला रक्त कळतं की आक्कालाच खात्री हवी होती, तेही माहीत नाही. तिनं मला काही मागितलं नाही. तिनं तोंड भिंतीकडं केलं आणि पायाला नुकत्याच लावलेल्या वजनाची दोरी हातानं चाचपायला लागली, सोडवायची कशी ते बघायला. मी तिचा हात धरून बाजूला ठेवला. ती माझ्याकडं बघेना. "कबरीकडं मी जातो," मी म्हणालो.

पांडू मला दाराबाहेर म्हणाला, "बाबा, तुम्ही? म्हशीखाली? जन्मात शेपटी धरली नाय तुम्ही."

"काथ्यासुद्धा एकदा पहिल्यांदाच धरला होता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडू मोटार घेऊन हसन मिस्त्रीकडं गेला, पितळी बुश घालून घ्यायला. मी आक्काच्या अंगावरचं उतरवलेलं लुगडं, न धुता, घडी करून काखेत मारलं, आणि पायी पोलादपूरच्या वाटेला लागलो.